सुलट-उलट आलं, आता पुढे काय? नव्या विणी शिकायचा क्रम

आपल्याकडे विणकाम बहुतेक जणी सारख्याच पद्धतीने शिकतात. कोणी मावशी किंवा काकू टाके घालून देते, सुलट टाका दाखवते, चार दिवसांनी उलट टाका दाखवते, की एक मफलर तयार. दुसरा मफलरही तसाच, तिसराही तसाच. मग मोबाइलवर कोणाचा तरी वेणीचा स्वेटर दिसतो आणि वाटतं, हे काही आपलं काम नाही.

ते आपलंच काम आहे. जाळी, वेणी, चटई, साबुदाणा असल्या सगळ्या विणी सुलट आणि उलट या दोनच टाक्यांतून निघतात. फरक एवढाच की टाके कुठे ठेवायचे, कुठे दोन एकत्र करायचे आणि कुठे जागा बदलायच्या. अडचण होते ती क्रमाची. मोबाइल समोर येईल ते दाखवतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आपण जाळीला हात घालतो आणि टाके कमी-जास्त झाले की सुया कपाटात जातात. तालुक्याला क्लास नसेल, गावात विचारायला कोणी नसेल, तर खालच्या क्रमाने चला. टाके घालणं, सुलट, उलट आणि शेवटी टाके बंद करणं येतं असं इथे धरलं आहे.

१. सामान जमवा, पण थोडंच

- ८ नंबरच्या सुयांची एक जोडी आणि बॉर्डरसाठी १० नंबरची एक
- मध्यम जाडीची, फिक्या रंगाची, एकरंगी लोकर
- क्रोशाची एक सुई (सुटलेला टाका उचलायला)
- अंबाड्याचा यू आकाराचा आकडा (वेणीसाठी)
- मोजपट्टी, कात्री, मोठ्या नाक्याची बोथट सुई
- दोन-चार सेफ्टी पिना
- गोधडी शिवायचा जाड दोरा, लोकरीपेक्षा वेगळ्या रंगाचा
- एक वही

काळी, गर्द निळी किंवा केसाळ लोकर शिकायला घेऊ नका. त्यात टाका दिसत नाही, आणि संध्याकाळी लाइट गेल्यावर तर नाहीच नाही. फिका पिवळा, आकाशी, मोतिया असे रंग चांगले.

सुयांच्या नंबरात एक खड्डा आहे. आपल्या दुकानांत जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी., १२ नंबर म्हणजे २.७५ मि.मी. अमेरिकन नंबर उलटे, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबरची सुई ५ मि.मी.ची असते. त्यामुळे व्हिडिओतली बाई ‘आठ नंबर’ म्हणाली म्हणून आपली आठ घेतली, की तिचा स्वेटर मोठ्या माणसाचा आणि आपला त्याच्या पोराचा होतो. नंबर सोडा, मि.मी. बघा.

लोकर दिवाळीच्या सुमारास तालुक्याच्या दुकानात येते आणि संक्रांतीनंतर उरलासुरला माल राहतो. एका वस्तूची सगळी लोकर एकदाच घ्या. गुंड्याच्या कागदी पट्टीवर शेड नंबर असतो, तसा लॉट नंबरही, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर, असतो. शेड तोच पण लॉट वेगळा असेल, तर दुकानात एकसारखे दिसणारे दोन गुंडे उन्हात वेगळे दिसतात आणि पाठीवर आडवा पट्टा उमटतो.

पैसे घालायचे नसतील तर जुना स्वेटर उसवा. उसवण्याआधी तो उलटा करून आतली शिवण बघा. शिवणीला इंटरलॉक मारलेलं असेल तर तो स्वेटर कापड कापून शिवलेला आहे, त्यातून वीत-दीड वीत तुकडेच निघतील, नाद सोडा. काठाला अख्खे टाके दिसत असतील तर लोकर सलग निघते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत उसवा, लड चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यातून काढा आणि खाली हलकं वजन बांधून सावलीत टांगा. कुरळेपणा बराच जातो.

२. टाका वाचायला शिका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच बहुतेक जणी गाळतात.

२४ टाके घाला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा दहा-बारा ओळी विणा आणि सुई हातात धरून नीट बघा. समोरच्या बाजूला प्रत्येक टाका ‘व्ही’सारखा दिसतो, दोन पाय खाली जुळलेले. मागच्या बाजूला प्रत्येक टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसते. सुलट टाका म्हणजे समोर व्ही, मागे गाठ. उलट टाका म्हणजे समोर गाठ, मागे व्ही. टाका एकच आहे, आपण त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत एवढाच प्रश्न.

सुईवर बसलेल्या टाक्यालाही दोन पाय असतात. उजवा पाय सुईच्या पुढे आणि डावा मागे असेल तर टाका सरळ बसला आहे. सुटलेला टाका घाईत उलटा चढवला की पाय बदलतात आणि तो टाका पिळलेला, घट्ट दिसतो.

आमच्या शेजारच्या आजी नजर अधू झाल्यावरही विणायच्या. अंगठ्याचं पेर सुईखालून फिरवायच्या आणि गाठ लागली की उलट, गुळगुळीत लागलं की सुलट. मी ओठांत आकडे पुटपुटत विणायला बसले की म्हणायच्या, “मोजत काय बसली वं? पाह्य ना त्याच्याकडं. टाकाच सांगते तुले.” पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हेच कामी येतं. मोजून विणणारीला कोणी हाक मारली की ओळ चुकते. वाचून विणणारी उठून भाजी चुलीवरून उतरवते आणि परत येऊन जिथली तिथे सुरू करते.

याच पायरीवर टाका मुद्दाम सोडून बघा. मधला एक टाका सुईवरून काढा, चार ओळी खाली घसरू द्या. शिडीसारखे आडवे धागे दिसतील. क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात समोरून घाला, सगळ्यात खालचा धागा पकडा, टाक्यातून ओढा. मग त्याच्या वरचा. भीती इथेच संपवून टाका. खऱ्या स्वेटरमध्ये टाका सुटला आणि क्रोशा जवळ नसली, तर सेफ्टी पिन अडकवून ठेवा, तो पळत नाही.

३. फक्त सुलट-उलटच्या विणी

प्रत्येक विणीचा हाताच्या पंजाएवढा तुकडा विणायचा आणि जपून ठेवायचा.

*सगळ्या ओळी सुलट.* कापड जाड, दोन्ही बाजूंनी सारखं आणि सपाट पडतं. पहिल्या मफलरला हीच वीण.

*एक ओळ सुलट, एक उलट.* स्वेटरचं अंग याचंच. पण याच्या कडा वळतात: बाजूच्या मागे, वरची-खालची पुढे. यात तुमच्या हाताचा दोष नाही, या विणीचा स्वभावच तो, आणि इस्त्री करून जात नाही. म्हणूनच स्वेटरला खाली बॉर्डर असते. या विणीचा मफलर कधीही करू नका, आठ दिवसांत त्याची नळी होते.

*दोन सुलट, दोन उलट.* बॉर्डरची वीण. टाके ४ च्या पटीत घ्या, म्हणजे प्रत्येक ओळ सारखीच: २ सुलट, २ उलट, शेवटपर्यंत. नियम असा की व्ही दिसला तर सुलट, गाठ दिसली तर उलट. बॉर्डरला अंगापेक्षा बारीक सुई घ्या.

नव्या हाताची सगळ्यात नेहमीची चूक इथे होते. सुलट विणताना लोकर मागे हवी, उलट विणताना पुढे, आणि ती ने-आण करायची दोन सुयांच्या मधून. लोकर सुईवरून आली की एक जादा टाका तयार होतो आणि खाली भोक पडतं. २४ चे २७ टाके झाले तर कारण हेच, दुसरं शोधत बसू नका. हे भोक लक्षात मात्र ठेवा, पाचव्या पायरीवर ते मुद्दाम पाडायचं आहे.

*साबुदाणा.* टाके विषम घ्या, समजा २५. प्रत्येक ओळ: १ सुलट, १ उलट, शेवटी १ सुलट. इथे नियम बॉर्डरच्या बरोबर उलटा, गाठ दिसली तर सुलट आणि व्ही दिसला तर उलट. दाणेदार, सपाट, न वळणारं कापड मिळतं. बटणपट्टी, गळपट्टी, टोपड्याचा काठ यांना फार शोभतं. गंमत बघायची असेल तर तीच ‘१ सुलट, १ उलट’ची ओळ २४ टाक्यांवर विणा, बॉर्डर होते. एका टाक्याच्या फरकाने वीण बदलते. ‘दिल्याप्रमाणे विणलं तरी वेगळंच झालं’ अशी तक्रार घेऊन येणारीचे टाके आधी मोजावेत ते म्हणूनच.

*चटई.* ८ च्या पटीत टाके. पहिल्या ६ ओळी: ४ सुलट, ४ उलट. पुढच्या ६ ओळी: ४ उलट, ४ सुलट. टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो, म्हणून ४ टाक्यांना ४ ओळी घेतल्या तर चौकोन बसका दिसतो. ६ ओळींत बरा बसतो.

या पाच विणींवर पुरेसा वेळ द्या. खरं सांगायचं तर एवढ्यावरच आयुष्यभर सुंदर स्वेटर विणता येतात.

४. नमुन्याचा तुकडा मोजा

कंटाळवाणं काम, पण करा. वस्तू ज्या सुईने, लोकरीने आणि विणीत करायची, त्यातच १५ सें.मी.चा तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सें.मी.त किती टाके बसले ते मोजा. कडेचे टाके धरू नका.

समजा १० सें.मी.त २२ टाके बसले. पुढचा भाग ४० सें.मी. रुंद हवा, तर ८८ टाके. पण नवी वीण म्हणून हात आखडला आणि १० सें.मी.त २४ बसू लागले, तर तेच ८८ टाके ३७ सें.मी.सुद्धा भरत नाहीत. पुढचा-मागचा मिळून घेर जवळजवळ ७ सें.मी.ने कमी. असा स्वेटर डोक्यातून जातो आणि पोटावर अडकतो. टाके जास्त बसले तर जाड सुई घ्या, कमी बसले तर बारीक. ‘आता हात सैल ठेवते’ असं ठरवून हात सैल राहत नाही.

साध्या विणीचं माप वेणीला लावू नका. वेणी आणि बॉर्डर कापड आत ओढतात, जाळी पसरते.

प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी टाचून वहीत लावा: सुई, लोकर, टाके, ओळी.

५. जाळी

मघाचं भोक आता कामाला येतं. लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणा आणि तशीच पुढे ठेवून पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणा. लोकर आपोआप सुईवरून जाते, एक टाका वाढतो. दोनाचा एक केला म्हणून एक कमी होतो. हिशेब बरोबर.

२४ टाक्यांवर सगळ्यात सोपी जाळी:

१ ली ओळ: २ सुलट, * लोकर पुढे, दोनाचा एक * असं १० वेळा, शेवटी २ सुलट.
२ री ओळ: सगळी उलट.
३ री ओळ: सगळी सुलट.
४ थी ओळ: सगळी उलट.

हेच पुन्हा पुन्हा. दोनाचा एक सुलट केला की तो उजवीकडे झुकतो. डावीकडे झुकवायचा असेल तर एक टाका न विणता उचला, पुढचा सुलट विणा आणि उचललेला त्यावरून ओलांडा. पानाच्या जाळीत हे दोन्ही लागतात, एकाच बाजूचे वापरले तर पान तिरकं दिसतं.

जाळीच्या प्रत्येक ओळीनंतर टाके मोजाच. इथे वाचण्यासोबत मोजणंही हवं. एक कमी भरला तर बहुधा लोकर पुढे घ्यायची राहिली. परतीच्या ओळीत त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून सुईवर घ्या आणि उलट विणा. भोक जरा लहान पडेल, कोणाच्या लक्षात येत नाही.

जाळी उसवणं मात्र त्रासाचं. म्हणून दर दहा-बारा ओळींनी, साध्या ओळीनंतर, बोथट सुईत तो गोधडीचा दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेवा. चुकलं तर बिनधास्त उसवा, काम त्या दोऱ्यापाशी थांबतं. टाके तिथून सुईवर परत घ्यायचे.

बाळंतविड्यात जाळी द्यायची तर बारीक द्या. मोठ्या भोकात बाळाची बोटं अडकतात. गळ्याशी लांब नाडीही नको.

६. वेणी

बघणाऱ्याला सगळ्यात अवघड वाटते आणि विणणारीला जाळीपेक्षा सोपी जाते. टाके वाढत नाहीत, कमी होत नाहीत, फक्त जागा बदलतात.

१८ टाके घाला.

१ ली आणि ३ री ओळ: ६ उलट, ६ सुलट, ६ उलट.
२ री, ४ थी आणि ६ वी ओळ: ६ सुलट, ६ उलट, ६ सुलट.
५ वी ओळ: ६ उलट, पुढचे ३ टाके न विणता अंबाड्याच्या आकड्यावर घ्या आणि आकडा कामाच्या मागे सोडा, पुढचे ३ सुलट विणा, मग आकड्यावरचे ३ सुलट विणा, ६ उलट.

या ६ ओळी पुन्हा पुन्हा. आकडा मागे सोडला तर पीळ उजवीकडे, पुढे सोडला तर डावीकडे. छातीवर दोन वेण्या घ्यायच्या असतील तर एकीचा आकडा मागे आणि दुसरीचा पुढे ठेवा, म्हणजे त्या एकमेकींसमोर येतात. पीळ दिल्यावर पहिला टाका ओढून घ्या, नाहीतर वेणीच्या काठाला फट राहते. दुकानात वेणीसाठी वेगळी छोटी सुई मिळते, पण यू आकड्यावरून टाके निसटत नाहीत. मला तोच बरा वाटतो.

वेणी कापड आत ओढते म्हणून बॉर्डर संपल्यावर दर वेणीमागे एक-दोन टाके वाढवा.

अंगभर वेण्यांचा स्वेटर ही आयर्लंडच्या अरन बेटांची ओळख आहे, तिथल्या गार वाऱ्याला तो ठीक. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, काही रात्री त्याहूनही खाली जातो आणि दुपारी शेतात घाम येतो. दहा वाजता जो काढून धुऱ्यावर ठेवायचा, तो स्वेटर एवढा जड कशाला? बिनबाह्यांचा घ्या, समोर एक किंवा दोन वेण्या, बाकी साधा. लोकरही कमी लागते.

७. दुसऱ्याचा नमुना वाचताना

मराठीत व्हिडिओ कमी, हिंदीत भरपूर. तिथला ‘फंदा’ म्हणजे आपला टाका, ‘सीधा’ म्हणजे सुलट, ‘उल्टा’ म्हणजे उलट. ‘सलाई’ मात्र सुईलाही म्हणतात आणि ओळीलाही, त्यामुळे ‘चार सलाई’ ऐकून सुया आणायला धावू नका. व्हिडिओ आधी पूर्ण बघा आणि टाके कितीच्या पटीत हवेत ते वहीत लिहा. कित्येक व्हिडिओंत हे शेवटी सांगतात, काहींत सांगतच नाहीत. तशा वेळी वीण एकदा कुठे सुरू होऊन कुठे संपते ते मोजा, तोच आकडा.

तयार स्वेटरवरूनही शिकता येतं. थंडीत नागपुरात आणि जिल्ह्याच्या गावी तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहतच आहे. दुकानातला माल बहुतेक मशीनचा असला तरी टाका तोच. गर्दी नसेल तेव्हा विचारून एखादा स्वेटर उलटसुलट करून बघा, फोटो काढा आणि घरी येऊन व्ही-गाठी वाचत कागदावर उतरवा. चौकटीची वही घ्या, एक चौकट म्हणजे एक टाका. सुलटला रिकामी, उलटला टिंब, जाळीला गोल.

दोन रंगांचं काम यानंतर. तेव्हा एवढंच पाळा की मागचा मोकळा धागा चार-पाच टाक्यांहून लांब सोडू नका आणि ओढू नका. लांब धाग्यात बोट अडकतं, ओढला तर कापड चुण्या धरतं.

८. हात, वेळ आणि निगा

कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाची टोकं लागून बोटं खरखरीत होतात आणि लोकर प्रत्येक टाक्याला अडकते. तेल रात्री झोपताना लावा. विणायला बसताना लावलं तर फिक्या लोकरीवर डाग पडतात. थंडीआधी वस्तू हवी असेल तर पोळा झाला की तुकडे विणायला घ्या. वेचणी लागल्यावर नवी वीण शिकणं होत नाही, फक्त येते ती विणणं होतं.

विकायचा विचार असेल तर मोठ्या स्वेटरच्या मागे लागू नका. लुधियानाच्या मशीनच्या मालाशी भावात जमत नाही. टोपडं, पायमोजे, झबलं असा बाळाचा संच माणूस हाताचाच मागतो, आणि त्यात साबुदाण्याचा काठ किंवा बारीक जाळी लगेच नजरेत भरते.

तयार वस्तू थंड किंवा कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने लांबते. बाजेवर जुनं लुगडं पसरा, त्यावर वस्तू मापात आडवी ठेवा आणि बाज सावलीत ओढा. गुंड्याच्या पट्टीवर अॅक्रिलिक लिहिलं असेल तर गरम इस्त्री लावू नका, वेणी कायमची चपटी होते.